वाचकांचे प्रश्न : लिनक्सचा फोन रोजच्या वापरात चालेल का?

जुन्या फोनचे आयुष्य कसे वाढवावे, याविषयी गेल्या अंकातील सदरात लिहिताना, फोनमधील अँड्रॉइड काढून टाकून त्याजागी लिनक्सवर आधारलेली दुसरी एखादी कार्यप्रणाली घालता येते, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावरच सर्वांत जास्त पत्रे आली. त्यांपैकी पुण्यातील वाचकांचे काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : अँड्रॉइडही लिनक्सच असते असे माझा भाचा म्हणतो. मग ‘लिनक्सचा फोन’ म्हणजे वेगळे काय? (पिंपरी)

भाचा बरोबर सांगतो आहे. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा सर्वांत खालचा भाग, लिनक्सचाच आहे. फरक त्या गाभ्यावर रचलेल्या मजल्यांत आहे. अँड्रॉइडमध्ये ते मजले गुगलच्या रचनेप्रमाणे उभे राहिलेले असतात, तर उबुंटू टच, सेलफिश, पोस्टमार्केटओएस यांसारख्या प्रणालींत ते संगणकावरील लिनक्सच्या कुळातून आलेले असतात. आपल्याकडे २०१७ मध्ये पंधराशे रुपयांच्या अनामतीवर मिळालेला जिओफोन ज्या कायओएसवर चाले, त्याचाही गाभा लिनक्सचाच होता. त्या हिशेबाने अँड्रॉइड नसलेला लिनक्स फोन अनेक मराठी घरांत नांदून गेला आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नाही.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि गेली अनेक वर्षे घरच्या संगणकावर लिनक्सच वापरतो. फोनवरही तसेच करावे असे मनात आहे. कार्यालय, घर, बँक, व्हॉट्सॲप असे सगळे एकाच फोनवर चालते. उबुंटू टच घातले तर माझे रोजचे काम निभावेल काय? स्पष्ट उत्तर द्यावे. (कोथरूड)

स्पष्ट उत्तर असे, की प्रणाली बरी आहे की वाईट, हा प्रश्न आपण नंतर विचारावा. आपल्या सिमवरून त्या फोनवर बोलता येते काय आणि आपले पैशांचे व्यवहार फोनवरील ॲपवाचून होतात काय, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. मी स्वतः दीड वर्ष असा फोन खिशात बाळगला आहे, आणि ज्या अडचणींनी मला खरोखर मेटाकुटीला आणले, त्या जवळपास सगळ्या या दोन प्रश्नांच्या पोटातून निघालेल्या होत्या. पडद्यावरची चिन्हे, खिडक्यांची सरकवासरकव, ॲपची दुकाने यांची सवय आठवड्यात होते.

प्रथम बोलण्याविषयी. फोरजीच्या जाळ्यावर जुन्या पद्धतीचा आवाजी मार्गच नसतो. तेथे आवाजही इंटरनेटवरील इतर माहितीसारखा लहान लहान तुकड्यांनी जातो, आणि या पद्धतीला व्होल्टे म्हणतात. ज्या फोनला व्होल्टे जमत नाही, त्याला कॉल आला की टॉवर त्या फोनला खालच्या, म्हणजे टूजी किंवा थ्रीजीच्या जाळ्यावर उतरवतो आणि तेथे बोलणे पार पाडतो. आता आपल्याकडची स्थिती पाहावी. जिओची सेवा २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झाली तीच फोरजीवर. तिच्यामागे टूजी किंवा थ्रीजी कधी नव्हतेच. एअरटेलने आपले थ्रीजी २०२० मध्ये देशभर बंद केले, मात्र टूजी ठेवले. याचा व्यवहारातील अर्थ असा, की व्होल्टे नसलेल्या फोनात जिओचे सिम घातले तर इंटरनेट उत्तम चालेल, पण साधा कॉल लागणार नाही आणि येणारही नाही. एअरटेलचे सिम घातले तर कॉल होईल, पण तेवढा वेळ फोन टूजीवर उतरलेला असल्याने इंटरनेट जवळजवळ थांबेल. लॅपटॉपला फोनवरून इंटरनेट देऊन आपण कार्यालयाची बैठक ऐकत असाल आणि मध्येच कुरिअरवाल्याचा फोन आला, तर बैठक तेथेच गोठेल.

व्होल्टे या फोनांना का जमू नये, असे आपण विचाराल. कारण असे आहे, की ती व्यवस्था सांभाळणारा भाग चिप बनवणाऱ्या आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी अँड्रॉइडच्या आत बंदिस्त स्वरूपात बसवलेला असतो आणि प्रत्येक दूरसंचार कंपनीसाठी त्याची मांडणी थोडी वेगळी असते. अँड्रॉइड काढले की तो भागही जातो, आणि बाहेरच्या स्वयंसेवकांना तो नव्याने लिहावा लागतो किंवा जुनाच कसाबसा जोडून घ्यावा लागतो. उबुंटू टच आणि सेलफिश यांवर काही निवडक फोनांत ही जोडणी झालेली आहे, बाकीच्यांत नाही. म्हणून ‘उबुंटू टचवर व्होल्टे चालते का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘या नेमक्या फोनवर, या नेमक्या सिमने चालते का’ असा तो विचारावा लागतो.

याची चाचणी आपण एक पैसाही खर्च न करता आजच घेऊ शकता. आपल्या चालू अँड्रॉइड फोनच्या सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टेचे बटण असेल, तर ते आठ दिवस बंद ठेवावे आणि नेहमीप्रमाणे वागावे. कार्यालयाच्या तळमजल्यावर, घरी आतल्या खोलीत, सिंहगड रस्त्याच्या कोंडीत असताना फोन लागतो की नाही, बोलताना आवाज तुटतो काय, याची नोंद ठेवावी. जिओचे सिम असेल तर आठ दिवस लागणारच नाहीत, पहिल्या अर्ध्या तासात उत्तर मिळेल.

आता पैशांविषयी. यूपीआयचे कोणतेही ॲप पहिल्यांदा सुरू करताना त्या फोनमधील सिमवरून बँकेकडे एक एसएमएस आपोआप जातो आणि त्यावरून हे खाते, हे सिम आणि हे यंत्र यांची गाठ बांधली जाते. शिवाय अशी बहुतेक ॲपे फोनवरील अँड्रॉइड गुगलने मान्य केलेले आहे काय, याचीही तपासणी करतात. लिनक्स फोनवर वेड्रॉइड नावाच्या व्यवस्थेत अँड्रॉइड एका पेटीत बसवल्यासारखे चालवता येते, आणि त्यात बातम्यांची, वाचनाची, खरेदीची अनेक ॲपे चांगली चालतात; परंतु त्या पेटीतल्या अँड्रॉइडचा हात सिमपर्यंत पोहोचत नाही आणि गुगलची मान्यताही त्याच्याकडे नसते. साहजिकच यूपीआयची गाठ पहिल्याच पायरीला सुटते. एखादी युक्ती करून ती बांधता आली, तरी पुढच्या अद्यतनानंतर ती टिकेल याचा भरवसा नाही, आणि मंडईत भाजी पिशवीत पडल्यावर युक्त्या करीत उभे राहणे शोभतही नाही.

बँकेची बाकी कामे मात्र अडत नाहीत. ब्राउझरमधून नेट बँकिंग होते, ओटीपीचा एसएमएस येतो, विजेचे बिल भरता येते, रेल्वेचे तिकीट काढता येते, डिजिलॉकर संकेतस्थळावरून उघडता येते. दुकानात डेबिट कार्ड यंत्राला टेकवून पाच हजार रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय देता येते. साध्या फोनधारकांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेली यूपीआय १२३पे ही सोय तर केवळ कॉलवर चालते, तिला ॲप लागत नाही. पण चहाच्या टपरीवरचे दहा रुपये कॉल करून, आकडे दाबत देण्याचा उत्साह मला तरी दोनदाच आला. त्यानंतर मी सुटे पैसे बाळगू लागलो.

व्हॉट्सॲपचे मूळ खाते अँड्रॉइड किंवा आयफोनवर असावे लागते. लिनक्स फोनच्या ब्राउझरमधून त्याला जोडून घेता येते, मात्र संदेश आल्याची सूचना वेळेवर मिळेलच असे नाही.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा आहे, की बँकेशी जोडलेले सिम असलेला एक साधा अँड्रॉइड फोन ठेवावा. तो घरी किंवा बॅगेत असावा. खिशातला फोन लिनक्सचा करावा आणि त्यात बोलण्याचे दुसरे सिम घालावे. दोन फोन सांभाळणे आपणास मान्य नसेल, तर कोथरूडच्या आपल्या दिनक्रमात हा प्रयोग बसत नाही, असे मी नाइलाजाने म्हणेन.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा फोन फार मंद झाला आहे. नातू म्हणतो, ‘आजी, नवा फोन घेऊ नकोस, मी यातच लिनक्स घालून देतो, फोन पळायला लागेल.’ घालू द्यावे का? (सहकारनगर)

आजींनी नातवाला दुसरा एखादा पडून राहिलेला फोन द्यावा आणि त्यावर त्याला मनसोक्त प्रयोग करू द्यावेत. आपला एकुलता एक फोन देऊ नये.

नातवाचा हेतू चांगला आहे, पण फोनचे बूटलोडर उघडताना, म्हणजे दुसरी प्रणाली घालण्यासाठी त्याचे कुलूप काढताना, आतील सर्व माहिती पुसली जाते. छायाचित्रे आणि नंबर आधी उतरवून घेतले नसतील, तर ते गेलेच. दुसरे म्हणजे, आपण निवृत्तिवेतन घेत असाल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो घरबसल्या चेहरा दाखवून देण्याचे जे ॲप आहे, ते अँड्रॉइडसाठी आहे. बँकेत प्रत्यक्ष जाऊन दाखला देता येतो हे खरे, पण फोनवर होत असलेले काम नातवाच्या हौसेपायी रांगेत का न्यावे? तिसरे, अडीअडचणीला ११२ लावायची वेळ आली, तर त्या क्षणी फोन लागलाच पाहिजे. वर व्होल्टेविषयी लिहिले आहे ते आपल्याला येथे सर्वाधिक लागू पडते.

फोन मंद होण्याचे कारण बहुधा भरलेली साठवण असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या सुप्रभाताच्या चित्रफिती नातवाकडून पुसून घ्याव्यात. निम्मे काम तेवढ्याने होईल.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहतो. आठ हजारांच्या आत जुना फोन घेऊन त्यावर पोस्टमार्केटओएस घालायचे आहे. बुधवार पेठेत काय बघून घ्यावे? पाईनफोन मागवणे बरे का? (शिवाजीनगर)

आपले पत्र वाचून बरे वाटले, कारण या सगळ्या उद्योगाला योग्य वय आणि योग्य पत्ता आपलाच आहे.

पाईनफोनविषयी आधी सांगतो. तो लिनक्ससाठीच बनवलेला फोन असल्याने त्यात कोणाची परवानगी मागावी लागत नाही. पाठीमागचे झाकण काढले की आत सहा बारीक खटके दिसतात, त्यांनी मॉडेम (टॉवरशी बोलणारा भाग), वायफाय, मायक्रोफोन आणि दोन्ही कॅमेरे प्रत्यक्ष वीज तोडून बंद करता येतात. त्याची बॅटरी सॅमसंगच्या जे७ च्या मापाची आहे, म्हणजे ती तपकीर गल्लीतसुद्धा मिळेल. पण त्यातील ऑलविनर ए६४ हा प्रोसेसर तो फोन नवा होता तेव्हाही अशक्तच होता, स्मृती (रॅम) दोन किंवा तीन जीबी आहे, आणि परदेशातून मागवल्यावर सीमाशुल्क वेगळे. एखादे संकेतस्थळ उघडायला सांगून चहाचा घोट घ्यावा, कप खाली ठेवावा, तेव्हा पान अर्धे उतरलेले असते. शिकण्यासाठी उत्तम, रोजच्या धावपळीसाठी नाही.

त्यापेक्षा वनप्लस ६ किंवा पोको एफ१ हे २०१८ मध्ये आपल्याकडे विकले गेलेले फोन शोधावेत. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८४५ आहे, आणि या चिपसाठी मूळ लिनक्स गाभ्यातच बरेच काम झालेले असल्यामुळे अँड्रॉइडचे जुने तुकडे उसने न घेता पोस्टमार्केटओएस तिच्यावर चालते. वेगाच्या बाबतीत पाईनफोन आणि हे फोन यांची तुलनाच होत नाही. दोष दोन : कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि कॉलच्या बाबतीत वर लिहिलेले सर्व येथेही आहेच. पोस्टमार्केटओएसच्या विकीवर प्रत्येक फोनच्या पानावर काय चालते आणि काय नाही याचा तक्ता असतो. तेथे फोन बाजारातील नावाबरोबरच सांकेतिक नावानेही ओळखला जातो. वनप्लस ६ चे तेथील नाव ‘एन्चिलाडा’ असे आहे, जो मेक्सिकोतील खाद्यपदार्थ आहे. गल्ल्यावरच्या माणसाला ते विचारू नये.

दुकानात उभे राहून करायची कामे अशी. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा, आणि ‘केवायएम’ लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असेल तर तेथेच कळेल. मग सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात बिल्ड क्रमांकावर (पोकोत मीयूआयच्या आवृत्तीवर) सात वेळा बोट टेकवावे, म्हणजे विकसकांसाठीचे पर्याय उघडतात. त्यात ओईएम अनलॉकिंगचे, म्हणजे बूटलोडरचे कुलूप उघडू देणारे, बटण असते. ते राखाडी असेल आणि सरकत नसेल, तर फोन कितीही स्वस्त असला तरी खाली ठेवावा. दुकानदार ‘हो जाएगा सब’ म्हणेल. आपण हसून पुढच्या दुकानात जावे. काही कंपन्या आपल्या फोनचे कुलूप कोणालाच उघडू देत नाहीत, काही अर्ज करायला लावून दिवसचे दिवस थांबवतात, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेलची माहिती काढलेली असावी. चार्जिंगची खाचही केबल लावून हलवून पाहावी. प्रणाली घालताना मध्येच केबल निसटली तर काम अर्धवट राहते आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते.

अडकलात, तर पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ नावाचा जुना गट आहे. एकट्याने रात्र जागवण्यापेक्षा जाणत्या माणसाला विचारणे बरे.

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करते. फोनवर मराठीत पुष्कळ लिहावे लागते. या फोनांवर देवनागरी नीट दिसते का, आणि लिहिता येते का? (सदाशिव पेठ)

दिसते उत्तम. अक्षरांची जोडणी करणारा हार्फबझ हा जो घटक अँड्रॉइडमध्ये आहे, तोच येथेही वापरला जातो, त्यामुळे जोडाक्षरे फुटत नाहीत. काही लिनक्स फोनांत देवनागरी टंक (फॉन्ट) आधीपासून नसतो आणि मग मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकोनांची ओळ दिसते. नोटो किंवा लोहित हा टंक बसवला की ती अडचण मिटते. एक बारीक गोष्ट आपल्या नजरेतून सुटणार नाही म्हणून सांगतो. प्रणालीची भाषा मराठी निवडली नसेल, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. ज्या टंकात दोन्ही वळणे आहेत, त्यात भाषा मराठी केली की पाकळीचा ल आणि गाठीचा श परत येतात.

लिहिणे हा मात्र कष्टाचा भाग आहे. अँड्रॉइडवर ‘पुढचा शब्द’ सुचवणाऱ्या, बोललेले मराठी लिहून देणाऱ्या कळफलकांची ज्यांना सवय झाली आहे, त्यांना येथे हात बांधल्यासारखे वाटेल. मी ज्या फॉश या पडद्यावरच्या मांडणीवर होतो, तिच्या स्क्वीकबोर्ड नावाच्या कळफलकाची रचना साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये लिहिलेली असते. मला हवा तसा मराठी फलक तयार मिळेना, तेव्हा एका रविवारी मी तो स्वतः लिहिला. ‘ळ’ला पहिल्या थरात जागा दिली, कारण दुसऱ्या थरातला ‘ळ’ शोधताना माझे बोट दर वेळी ‘ल’वर पडे. पुढचा प्रश्न अर्ध्या र चा होता. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांतला फरक लग्नघरात फार मोठा असतो. पण साधा र, हलन्त आणि य असे ओळीने टंकले की संगणक नेहमी रफारच देतो. त्यासाठी नुक्ता असलेले ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घ्यावे लागते. म्हणून मी ‘ऱ्’ ही जोडीच एका कळीवर बसवली. एका दाबात दोन चिन्हे उमटतात, आणि दऱ्यांचा दर्या होत नाही. अशी सोय आपल्या हाताने करून घेता येणे, हे या फोनांचे मला सर्वांत आवडलेले सुख आहे. गंमत म्हणजे तेवढ्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागला नाही.

आपणास फाइल लिहिण्याचा खटाटोप नको असेल, तर फोनला ब्लूटूथचा कळफलक जोडून इन्स्क्रिप्ट किंवा कगप ही मराठी कळांची मांडणी निवडावी. या दोन्ही लिनक्समध्ये असतातच.

प्रश्न : असा फोन घेतल्याने आपल्यावर कोणाची नजर राहत नाही, हे खरे का? (बाणेर)

निम्मे खरे. गुगलच्या खात्यावाचून फोन चालतो आणि जाहिरातींसाठी माहिती गोळा करणारी बरीच यंत्रणा मुळातच नसते. परंतु मॉडेमच्या आत कंपनीचीच बंदिस्त प्रणाली असते, टॉवरला आपले ठिकाण कळतेच, आणि ब्राउझरमधून आपण ज्या संकेतस्थळावर जाल ते आपले काम करणारच. फोन चोरीला गेल्यावर आतील माहिती वाचता येऊ नये, ही सोयही प्रत्येक प्रणालीत सारखी नाही. पोस्टमार्केटओएसमध्ये प्रणाली बसवतानाच संपूर्ण साठवण कुलूपबंद करण्याचा पर्याय असतो, तो घ्यावा.

प्रश्न : आपण स्वतः सध्या कोणता फोन वापरता? अजून लिनक्सच का? (कर्वेनगर)

प्रश्न रास्त आहे. दीड वर्षानंतर मी बोलण्याचे सिम पुन्हा अँड्रॉइडमध्ये घातले. कारण एकच घडले असे नाही, पण निमित्त सांगतो. फोन गाढ झोपेत गेला, की कॉल आल्यावर त्याला जागे व्हायला दोन-तीन सेकंद लागत, आणि पडदा उजळून हिरवे बटण दिसेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवत असे. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस असा दोनदा खालूनच परत गेला. तिसऱ्या वेळी घरून जे ऐकावे लागले, ते या सदरात छापण्याजोगे नाही.

लिनक्सचा फोन आजही माझ्या टेबलावर आहे, सिमशिवाय, घरच्या वायफायवर. त्याच्यावर मी पत्रे वाचतो, नोंदी करतो, संगणकाशी फाइलींची देवघेव करतो, आणि या सदराची उत्तरे पुष्कळदा त्याच्यावरच, त्या ‘ऱ्’च्या कळीसह, लिहितो. व्होल्टेचे काम माझ्या मॉडेलवर कुठवर आले आहे, ते दर महिन्याला एकदा पाहतो. ते झाले की सिम परत त्यात जाईल. सिलिंडरवाल्याकडे मात्र पत्नीचा नंबर दिला आहे.